सिंथवर बासरी कशी काढायची: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी भजनी मंडळात आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, नोकरी वेगळीच आहे. गेली बरीच वर्षं सिंथवर (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य) बासरीचा आवाज बनवायचा नाद लागलाय आणि त्यामुळे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. सगळीकडे बासरी म्हणजे आपली हिंदुस्थानी आडवी बासरी, आणि उदाहरणं पांढरी तीनच्या (म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी जिचा सा आहे अशा) बासरीची, कारण मैफलीत सगळ्यात जास्त तीच ऐकू येते.

कीबोर्डमध्ये तयार बासरी टोन असतो की, मग हा उद्योग कशाला?

असतो, आणि हल्लीच्या भारतीय टोनवाल्या कीबोर्डांत बरा पण असतो. घाईचा कार्यक्रम असेल तर खुशाल तोच लावा, मीसुद्धा लावतो. प्रॉब्लेम असा की तो सॅम्पल असतो, म्हणजे कुणीतरी स्टुडिओत एकदा एक 'सा' फुंकला, तो रेकॉर्ड झाला आणि तुम्ही की दाबली की तोच 'सा' वाजतो, दहा वेळा दाबली तर दहाही वेळा तोच, तीच फुंक, तोच कंप त्याच जागी. एका ओळीत कळत नाही. अख्खा अभंग वाजवला की तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत ऐकणाऱ्याला काहीतरी खटकायला लागतं, नेमकं काय ते सांगता येत नाही पण खटकतं. स्वतः बनवलेल्या पॅचमध्ये (सिंथवर जुळवलेल्या आवाजात) फुंक तुमच्या हातात राहते, मधेच जोर वाढवता येतो, कमी करता येतो. माझ्या मते खरा फरक तेवढाच आहे, बाकी टोन कुठला गोड नि कुठला कमी गोड ह्या चर्चेत फार अर्थ नाही.

माझा टोन मस्त आहे तरी खोटा का वाटतो?

नव्वद टक्के वेळा टोन दोषी नसतो, वाजवणं दोषी असतं. मी पहिला पॅच बनवला तेव्हा फार खूश होतो, आमच्या मंडळातल्या बासरीवाल्या काकांना कौतुकाने ऐकवला. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे रे, पण ह्या माणसाला दम लागत नाही का?" मी सलग वाजवत सुटलो होतो, एकदाही श्वास घेतला नव्हता. बोटांना कुठे दम लागतो?

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय आणि ती सगळ्यांना सांगतो, वाजवताना तोंडाने हळू फुंकत राहायचं, खरंच, ओठ थोडे उघडे ठेवून. फुंक संपली की हात उचलायचा. लोक हसतील, हसू देत. फ्रेज आपोआप माणसाएवढी होते.

दुसरं म्हणजे दोन स्वर एकदम वाजवू नका. पॅच मोनो ठेवा म्हणजे चुकून दोन की दाबल्या तरी एकच वाजेल. बासरीवर कॉर्ड वाजवणारे लोक मी लग्नांत ऐकलेत, बोलण्यासारखं काही नाही.

बासरीच्या आवाजात नेमकं असतं काय?

नळी आहे, दोन्हीकडून उघडी समजायची, कारण फुंकायचं भोकही ध्वनीच्या दृष्टीने उघडं टोकच असतं. अशा नळीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर तयार होतात. पांढरी तीनची बासरी घ्या, तिचा सा साधारण ३३० हर्ट्झचा. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम, तो २४७ च्या आसपास. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, भागाकार केला तर लहर १.३९ मीटरची येते आणि उघड्या नळीला त्याच्या निम्मी लांबी लागते म्हणजे जवळपास ७० सेंटीमीटर. वरच्या बंद टोकाकडचा बांबू धरून बासरी तीस इंचाच्या पुढेमागे का असते ते यातून कळतं. एवढी लांब बासरी रागदारीत आणली ती पन्नालाल घोषांनी, त्याआधी बासरी म्हणजे बऱ्यापैकी छोटं आणि चढ्या आवाजाचं वाद्य होतं.

आता कामाची गोष्ट. खालच्या सप्तकात, जोर लावून फुंकलं की दुसरा आणि तिसरा उपस्वर चांगलाच दणकट असतो, आवाज भरदार आणि जरा खरखरीत लागतो. वर तार सप्तकात गेलं की उपस्वर गळून पडतात आणि जवळजवळ शुद्ध साइन लहर उरते, शिटीसारखी. म्हणजे एकच टोन खालपासून वरपर्यंत सारखा ठेवला की चुकलंच. आणि या सगळ्यावर हवेचा 'स्स्' असतो, जो स्वराच्या सुरुवातीला जास्त आणि मग कमी होतो पण जात कधीच नाही.

कुठला सिंथ घेऊ? महागडा लागेल का?

नाही हो. लॅपटॉप असेल तर सर्ज एक्सटी हे सिंथचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पूर्ण फुकट, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतं. व्हायटलची बेसिक आवृत्ती पण फुकट मिळते. दोन्हीत हे सगळं होतं. सोबत पिच बेंड (स्वर वरखाली सरकवणारं चाक) आणि मॉड्युलेशन व्हील (आवाजात हवा तो बदल करणारं दुसरं चाक) असलेला कुठलाही मिडी (वाद्यं नि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलायची भाषा) कीबोर्ड, अगदी पंचवीस कीचा सुद्धा पुरतो, बासरीला सप्तकं लागतातच किती. हार्डवेअर सिंथ घरात असेल तर उत्तम. फक्त बासरीसाठी म्हणून नवीन घेऊ नका, बायको विचारेल तेव्हा माझं नाव सांगू नका.

पॅच कसा बनवायचा, आकड्यांसकट सांगा.

आकडे सांगतो पण ते सुरुवातीचे समजा, शेवटी कानाने फिरवायचेत.

पहिल्या ऑसिलेटरला (लहर तयार करणारा भाग) ट्रँगल लहर. ट्रँगलमध्ये फक्त विषम उपस्वर असतात, त्यामुळे नुसती ट्रँगल जरा पोकळ, लाकडी वाटते, म्हणून दुसऱ्या ऑसिलेटरवर साइन, एक सप्तक वर, आणि पहिल्यापेक्षा १० ते १२ डेसिबल खाली. हा दुसरा उपस्वर आत आला की लगेच बांबूचा भास होतो, करून बघा, हळूहळू वाढवत न्या आणि जिथे ऑर्गन वाटायला लागेल तिथून थोडं मागे या.

मग लोपास फिल्टर (वरच्या फ्रीक्वेन्सी कापणारा), सप्तकाला १२ डेसिबलवाला, रेझोनन्स (कापायच्या जागी येणारा उठाव) जवळपास शून्य. कटऑफ, म्हणजे जिथून कापायला सुरुवात होते ती जागा, १२०० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि की-ट्रॅकिंग पूर्ण शंभर टक्के न देता चाळीस-पन्नास टक्के द्या. असं का, तर शंभर टक्के दिलं की फिल्टर स्वराबरोबर तेवढाच वर सरकतो आणि सगळीकडे टोन एकसारखा राहतो, अर्धं दिलं की फिल्टर मागे रेंगाळतो आणि वरचे स्वर आपोआप साइनकडे झुकतात, जे आपल्याला हवंय. एवढ्या एका नॉबने जो फरक पडतो तो बघून मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलो होतो.

एन्व्हलप, म्हणजे स्वराचा जोर कसा चढतो-उतरतो त्याचा आराखडा: अटॅक (चढायचा वेळ) ५० ते ७० मिलिसेकंद, डिके (थोडं उतरायचा वेळ) २००, सस्टेन (की धरल्यावर टिकणारी पातळी) ८५ टक्के, रिलीज (की सोडल्यावर विरायचा वेळ) १०० च्या आसपास. अटॅक शून्य ठेवला तर बेल वाजल्यासारखं होतं, फार लांबवला तर व्हायोलिन. पिचला पण एक छोटा एन्व्हलप लावा, स्वर २० ते ३० सेंट खालून सुरू होऊन पन्नास मिलिसेकंदात जागेवर येऊ दे. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, त्यामुळे हे ऐकू असं येतच नाही, नुसतं जाणवतं. जास्त दिलंत तर प्रत्येक स्वराला शिंक आल्यासारखी वाटेल.

मोड मोनो, लेगाटोवर सिंगल ट्रिगर. म्हणजे एक की धरून दुसरी दाबली तर एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, फुंक तीच आणि बोट बदललं. आपल्या बासरीत जीभ फार कमी मारतात, बरंचसं काम बोटांनी होतं, त्यामुळे हे सेटिंग विसरलात तर प्रत्येक स्वर 'तू तू तू' असा शाळेच्या बँडसारखा येतो.

फुंकेचा 'स्स्' कसा आणायचा?

व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सींची सरसकट खरखर) घ्या, बँडपास (मधला ठराविक पट्टाच सोडणाऱ्या) फिल्टरमधून काढा, हा फिल्टर मात्र की-ट्रॅकिंगने स्वराबरोबर सरकू दे. नॉइज दोन भागांत विचार करा. एक सुरुवातीचा 'फ्', तीस-चाळीस मिलिसेकंदांचा, बऱ्यापैकी ठळक. दुसरा सतत चालणारा, मूळ आवाजापेक्षा २५ ते ३० डेसिबल खाली.

चूक सगळे एकच करतात, सततचा नॉइज कायम एकाच पातळीवर ठेवतात. मग तो फुंकेचा न वाटता मागे कुकर ठेवल्यासारखा वाटतो. नॉइजची पातळी त्याच कंट्रोलवर बांधा ज्यावर आवाजाचा जोर बांधलाय, दोन्ही एकत्र वरखाली झाले की कान त्याला एकच वस्तू समजतो. हेडफोनवर नॉइज जास्त ऐकू येतो आणि स्टेजच्या स्पीकरवर गायब होतो, तेव्हा कार्यक्रमासाठी थोडा वाढवून ठेवा.

मींड जमत नाही, पायऱ्या ऐकू येतात.

मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. त्यासाठी पिच बेंडची गोष्ट आधी समजून घ्या. मिडीत बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्या कानाला कळणं शक्य नाही, म्हणजे पायऱ्या बहुतेक तुमच्या बोटांच्या आहेत. बेंड रेंज बहुतेक ठिकाणी दोन अर्धे स्वर अशी येते, म्हणजे सा वरून जास्तीत जास्त रे. आपल्याला ते कमी पडतं. मी पाच ठेवतो. बारा ठेवणारे आहेत, पण मग व्हील केसभर हललं तरी स्वर घसरतो.

आता हाताची युक्ती. सा वरून मींड घेत मध्यमावर जायचंय, तर सा दाबून व्हील वर ढकलण्यापेक्षा उलटं करा: व्हील आधीच पूर्ण खाली ओढून ठेवा, मध्यमाची की दाबा (ऐकू सा येईल, रेंज पाच असल्यामुळे) आणि व्हील सोडत सोडत मधोमध आणा. फायदा असा की मींड जिथे संपते तो स्वर व्हीलच्या मधल्या जागेवर येतो आणि मधली जागा कधी चुकत नाही, बेसूर व्हायची भीती संपली. सरावाला दोन आठवडे लागतात, सुरुवातीला डोकं गरगरतं.

आणि मींड सरळ रेषेत जात नाही. बासरीवाला बोट भोकावरून हळूहळू सरकवतो, सुरुवातीला स्वर जवळपास तिथेच रेंगाळतो आणि मग पटकन वर जातो. म्हणून नुसत्या पोर्टामेंटोवर (एका कीवरून दुसरीवर स्वर आपोआप सरकवणारी सोय) विसंबू नका, तो सगळ्या मींडी एका साच्यातल्या काढतो. छोट्या कणांना, म्हणजे शेजारच्या स्वराला निसटता स्पर्श करायचाय तिथे, ६०-८० मिलिसेकंदांचा पोर्टामेंटो ठीक आहे.

अजून एक, हे जाणकारांनाच कळेल पण सांगतो. सहा भोकांच्या साध्या बासरीवर तीव्र मध्यमाला सगळी भोकं उघडी असतात आणि लगेच वरच्या पंचमाला सगळी बंद करून जोरात फुंकावं लागतं. म्हणजे मध्यम ते पंचम ही अडचणीची जागा, तिथे अखंड मींड सहज येत नाही. सिंथवर मात्र तिथेच लोक लोण्यासारखी मींड काढतात आणि पकडले जातात.

व्हायब्रेटो किती ठेवू?

वाटतो त्याच्या निम्मा. वेग सेकंदाला पाचच्या आसपास, खोली दहा सेंट, आणि स्वर सुरू झाल्यावर निदान तीनशे-चारशे मिलिसेकंद थांबून मगच येऊ दे. बासरीचा कंप मुख्यतः फुंकेतून येतो, म्हणजे पिचपेक्षा आवाजाचा जोर आणि उजळपणा जास्त हलतो. तेव्हा एलएफओ (हा कंप देणारी संथ लहर) पिचला थोडा आणि फिल्टर नि व्हॉल्यूमला जास्त द्या. रागदारीत तर कित्येक स्वर साफ सरळ लावतात. मी तो मॉड्युलेशन व्हीलवर ठेवतो, हवा तेव्हा अंगठ्याने.

ब्रेथ कंट्रोलर घ्यावा का?

जमत असेल तर पहिला खर्च हाच करा. तोंडात धरायची नळी असते, फुंकेचा दाब मोजून मिडीवर पाठवते, सीसी (कंट्रोल चेंज) २ हा मिडीचा नंबर त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. कल्पना नवीन नाही, यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स ७ ला ब्रेथ कंट्रोलर जोडायची सोय होती. हल्ली यूएसबीवाले मिळतात. सीसी २ वर व्हॉल्यूम, फिल्टर कटऑफ आणि नॉइज तिन्ही बांधा, आणि चिमूटभर पिच पण, पाच सेंट, कारण बासरी जोरात फुंकली की स्वर किंचित चढतोच.

दर फ्रेजला श्वास घ्यायचा हे मग आठवावं लागत नाही, घ्यावाच लागतो. तोटा म्हणजे लाळ गळते आणि गायला येत नाही, कोरसमध्ये उभं राहणाऱ्याने विचार करावा.

पैसे नसतील तर एक्स्प्रेशन पेडल, सीसी ११. तेही नसेल तर मॉड्युलेशन व्हीलवर जोर बांधा आणि व्हायब्रेटो आफ्टरटचवर (दाबलेली की आणखी दाबण्यावर) टाका. नुसत्या वेलॉसिटीवर राहू नका, वेलॉसिटी फक्त स्वर सुरू होतानाची असते, की दाबून झाली की तुमचा संबंध संपला. फुंक तर नंतरच सुरू होते.

मग सरळ विंड सिंथच का नको?

अकाईचा ईडब्ल्यूआय आणि यामाहाचा डब्ल्यूएक्स ७ दोन्ही १९८७ पासूनचे, आता रोलँडचा एरोफोन आहे. फुंकून वाजवायचीच वाद्यं ही, छान असतात. पण बोटांची मांडणी सॅक्सोफोन किंवा रेकॉर्डर नावाच्या पाश्चात्त्य उभ्या बासरीसारखी, आणि अर्धं भोक ही भानगड तिथे नाही. आपला शुद्ध मध्यम किंवा कोमल स्वर अर्ध्या भोकावर निघतात, मींडही तशीच, त्यामुळे बासरीवाल्याला ते हातात घेतलं की सगळं नव्याने शिकायला लागतं. सॅक्सवाल्याला मात्र लगेच जमतं. कीबोर्डवाल्याने घ्यायचं तर वर्षभराची तयारी ठेवा.

स्वर कीबोर्डचेच लागतात, रागाचे लागत नाहीत. उपाय?

कीबोर्ड बारा समान भागांत ट्यून केलेला असतो. तानपुऱ्यासमोर वाजवलं की शुद्ध गंधार टोचतो, कारण तो तानपुऱ्याच्या नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. बऱ्याच कीबोर्डांत स्केल ट्यून असतं, तिथे प्रत्येक स्वर वेगळा खालीवर करता येतो. सा धरून: शुद्ध ग उणे १४, शुद्ध ध उणे १६, शुद्ध नी उणे १२, कोमल रे अधिक १२, कोमल ग अधिक १६, कोमल ध अधिक १४. पंचमाला अधिक २, ते सोडलं तरी चालेल.

ही गणितं म्हणजे वेद नव्हेत. दरबारीचा कोमल गंधार या टेबलावर लावलात तर दरबारी होणारच नाही, तो खूप खाली असतो आणि झुलतो, तिथे व्हीलच लागेल. आणि शेजारी पेटी असेल तर स्केल ट्यून बंद ठेवा, नाहीतर तुम्ही बरोबर असून तुम्हीच बेसूर ठराल. ट्रान्सपोज बटण दाबल्यावर ही दुरुस्ती सा बरोबर सरकते की कीला चिकटून राहते हे मॉडेलप्रमाणे बदलतं, घरीच तपासा.

एफएमने चांगली बासरी निघते का?

निघते. एफएम म्हणजे एका लहरीने दुसरीची फ्रीक्वेन्सी हलवायची, स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंगने १९६७ मध्ये सापडवलेली गोष्ट, नंतर यामाहाने घेतली. बासरीला कॅरिअर (हलणारी लहर) आणि मॉड्युलेटर (हलवणारी लहर) यांच्या फ्रीक्वेन्सी एकास एक ठेवा, सगळे उपस्वर मिळतात, आणि मॉड्युलेशन अगदी थोडं. ते फुंकेवर बांधलं की जोर वाढला तसा आवाज आपोआप उजळतो, फिल्टरची गरजच नाही. एकास दोन केलंत तर फक्त विषम उपस्वर उरतात आणि बासरीची क्लॅरिनेट होते. अर्ध्या मिनिटाचा खेळ आहे, नक्की करा.

रोलँडने १९८७ च्या डी-५० मध्ये वेगळीच शक्कल लढवली. तेव्हा मेमरी महाग, अख्खा स्वर सॅम्पल करून ठेवणं परवडायचं नाही, म्हणून सुरुवातीचा छोटा तुकडा खऱ्या रेकॉर्डिंगचा आणि पुढचा लांब भाग सिंथचा. आपला कान वाद्य ओळखतो ते बरंचसं पहिल्या क्षणात. ही युक्ती आजही चालते, मित्राच्या बासरीचा नुसता 'फ्' मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पॅचच्या डोक्यावर चिकटवा.

फिजिकल मॉडेलिंग म्हणजे काय असतं?

आवाजाची नक्कल सोडून नळीचीच नक्कल. बासरीची नळी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक डिले लाइन (आवाज ठराविक वेळ उशिराने सोडणारी), लहर आत जाते, टोकाला आपटून परत येते. ओठांपासून भोकाच्या धारेपर्यंत हवेला लागणारा वेळ म्हणजे दुसरा छोटा डिले, साधारण पहिल्याच्या निम्मा. मधे एक वाकडं समीकरण, एक्स उणे एक्सचा घन, ते हवेचा झोत धारेच्या आत-बाहेर कसा उडतो त्याचं काम करतं. यात नॉइज मिसळलेली फुंक सोडली की वाद्य स्वतःच वाजायला लागतं, आणि जोरात फुंकलं की आपोआप वरच्या सप्तकात उडी मारतं, तुम्ही सांगितलं नसतानाही! पहिल्यांदा ते झालं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कुणाला कोड लिहायचं असेल तर: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) धरले तर मंद्र पंचमाला डिले साधारण १७८.५ सॅम्पल येतो. तो 'साडे' कापून पूर्ण आकडा घेतलात तर खाली चालून जातं, पण दोन सप्तकं वर, जिथे डिले ४४.६ असतो, तिथे ४४ आणि ४५ मधलं अंतर जवळपास ३९ सेंटचं आहे. म्हणजे सरळ बेसूर. अपूर्णांकी डिले वापरावाच लागतो, माझा एक अख्खा रविवार हे न कळल्यामुळे गेला. यामाहाचा १९९४ चा व्हीएल १ याच तत्त्वावर होता, महाग आणि एका वेळी जेमतेम दोन स्वर.

सनई, क्लॅरिनेट पण अशीच?

क्लॅरिनेट सोपी, चौकोनी लहर घ्या. ती सरळ नळी आहे, एका टोकाला बंद, त्यामुळे खालच्या पट्टीत विषम उपस्वरच प्रामुख्याने असतात. वरातीच्या बँडची क्लॅरिनेट हवी असेल तर जरा डिस्टॉर्शन द्या आणि सूर थोडा चढा ठेवा.

सनई अवघड. पत्तीचं वाद्य, खाली रुंद होत जाणारी नळी, सगळे उपस्वर आणि वरचे तर फारच दणकट. सॉटूथ किंवा अगदी अरुंद पल्स लहर घ्या, एक ते तीन किलोहर्ट्झचा पट्टा उचला, अटॅक १५-२० मिलिसेकंद. तरीही एकटी सनई सिंथवर डास वाटते. तिच्यामागे सूर धरणारी दुसरी सनई असते ना, ती टाका, नुसता सा, दोन-तीन सेंट वेगळा. मग अचानक मंडप उभा राहतो. सोलापूरकडची सुंद्री (सनईसारखंच छोटं वाद्य) कुणी सिंथवर चांगली काढली असेल तर मला ऐकायचीय, माझी तीनदा फसलीय.

रिव्हर्ब?

घुमारा थोडाच. बासरीला सगळे विहिरीत टाकतात.

लाइव्ह कार्यक्रमात काय सांभाळायचं?

एका गणेशोत्सवात माझा कीबोर्ड आयत्या वेळी बिघडला म्हणून भाड्याने दुसरा आणला, पॅच पेनड्राइव्हवरून टाकला, टोन बरोब्बर आला, निवांत होतो. अभंगाच्या सुरुवातीला रिषभावरून पंचमावर एक लांब मींड, ती तिथली ओळखच. या वेळी की रिषभाचीच दाबली होती, व्हील पूर्ण वर ढकललं आणि स्वर गंधारावर जाऊन थांबला. व्हील तर संपलं. त्या कीबोर्डची बेंड रेंज दोन होती, माझी पाच, आणि ती पॅचबरोबर आलीच नव्हती. बुवांनी मान वळवून बघितलं, पखवाजवाल्याने बघितलं, मी तिथल्या तिथे पंचमाची की दाबून मोकळा झालो, तर व्हील वरच होतं, म्हणजे लागला शुद्ध धैवत. आता स्टेजवर चढलो की पहिलं काम, व्हील टोकाला नेऊन बघणे.

सस्टेन पेडल काढून ठेवा, वायरींच्या गर्दीत पाय पडतोच. लॅपटॉपवर असाल तर बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप करतो तो साठा) १२८ सॅम्पलवर आणा, तीनेक मिलिसेकंद होतात, तेवढं कळत नाही.

बासरीवाल्यांच्या पोटावर पाय नाही का हा?

कार्यक्रमात बासरीवाला परवडत असेल तर बासरीवाला बोलवा, यात मला वाद घालायचा नाही. आमच्या काकांना यायला जमतं तेव्हा मी माझा पॅच उघडतही नाही, खाली स्ट्रिंग्ज धरून बसतो. त्यांचं आता वय झालंय, रात्रीचे कार्यक्रम करत नाहीत, तेव्हा मी असतो.

पॅच जमला हे कसं ओळखायचं?

रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या खोलीतून ऐका, दार अर्धं लोटून. समोर बसून सगळंच बरं वाटतं. आणि ऐकवायचं तर बासरी वाजवणाऱ्याला ऐकवा, कीबोर्डवाल्याला नको, आपण एकमेकांच्या नॉबांचं कौतुक करत बसतो.

मागच्या दिवाळीत काकांना नवीन पॅचवर पाच मिनिटांचा यमन ऐकवला, कोण वाजवतंय ते न सांगता. श्वास घेतलेले, मींडी उलट्या व्हीलने, मध्यम-पंचमाच्या जागी मुद्दाम तुटक. त्यांनी पूर्ण ऐकला, मधे एकदा मान पण हलवली. मग विचारलं, "पांढरी तीनची का?" मी हो म्हटलं. "मग तो मंद्र पंचमाच्या खाली कसा गेला?" जोशात एका जागी मी मंद्र गंधार लावून आलो होतो.